मंडळातला पाऊस, शिवारातला पाऊस

30 मे 2024 च्या दुपारी नागपूरचं तापमान 56 अंश सेल्सिअस झालं. झालं म्हणजे फोनवर झालं. रामदासपेठेजवळ कृषी विद्यापीठाच्या मोकळ्या शेतात उभ्या असलेल्या स्वयंचलित हवामान केंद्राने तो आकडा पाठवला, सोनेगावच्या केंद्राने 54 सांगितला, आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही आकडे घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरून आले. पृथ्वीवरचं आजवरचं अधिकृत सर्वोच्च तापमान कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीचं आहे, 1913 सालचं, 56.7 अंश. नागपूर जगज्जेतेपदापासून पाऊण अंशावर येऊन थांबलं होतं. जिल्ह्यातली बाकीची स्वयंचलित केंद्रं त्याच दुपारी 44 च्या आसपास होती. हवामान खात्याने खुलासा केला की त्या दोन ठिकाणचे सेन्सर बिघडले आहेत. आदल्याच दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने 52.9 अंश दाखवले होते. चौकशीत तो सेन्सर तीन अंशांनी जास्त दाखवत असल्याचं निघालं. माझ्याकडे 56 चा आकडा पाच जणांनी पाठवला. खुलासा मात्र मला शोधून वाचावा लागला. आणि तो वाचल्यावर पहिला विचार मनात आला तो असा, की हात्तिच्या, चव्वेचाळीसच का! चव्वेचाळीस अंशांत रस्त्यावर काम करणारा माणूस मरू शकतो, हे त्या क्षणी मीही विसरलो होतो.

हवा, पाणी, जंगल, पाऊस यांच्याविषयीची आपली आजची बरीचशी समजूत अशीच घडते, फोनवर आलेल्या आकड्यांतून, रंगांतून, नकाशांतून. त्यातला आकडा खरा की खोटा, हे आपण हिरिरीने विचारतो. तो केवढ्या चौकोनाचा आहे, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंतचा आहे, कुणाच्या व्याख्येने काढला आहे, हे सहसा विचारत नाही. नागपूरसारखे बिघडलेले सेन्सर विरळा. व्यवस्थित चालणाऱ्या यंत्रांनी आपली समजूत जितकी वळवली आहे, तितकी बिघडलेल्यांनी वळवलेली नाही. हा आढावा त्या चालू यंत्रांचा आहे.

वेळेपासून सुरुवात करू. पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. तो सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो. 26 जुलै 2005 चा 944 मिलिमीटर हा आकडा मुंबईकराला स्वतःच्या जन्मतारखेसारखा पाठ आहे. पण तो सांताक्रूझचा, आणि 27 तारखेच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांचा. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत पडला 73 मिलिमीटर. मधलं अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. मुंबईत तेव्हा डॉपलर रडार नव्हतं. चर्चगेटच्या कार्यालयात बसलेल्या माणसाला खिडकीबाहेर साधा पावसाळी दिवस दिसत होता. तो नेहमीसारखा लोकलमध्ये बसला आणि शहराच्या दुसऱ्या हवामानात जाऊन अडकला. त्यानंतर महापालिकेने जागोजागी स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले, रडार आलं, आणि आज अंधेरीचा पाऊस वेगळा, चेंबूरचा वेगळा, हे शाळकरी मुलालाही कळतं. 'मुंबईचा पाऊस' नावाची एकच एक गोष्ट असते, ही समजूत त्या दोन आकड्यांनी मोडली.

देशाच्या पातळीवर मात्र ती समजूत अजून धडधाकट आहे. 'यंदा सर्वसाधारण पाऊस' ही दर एप्रिलची बातमी म्हणजे काय, तर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत साऱ्या देशावर पडणारं पाणी 1971 ते 2020 या पन्नास वर्षांच्या सरासरीच्या, म्हणजे 87 सेंटिमीटरच्या, 96 ते 104 टक्क्यांमध्ये राहील. त्यात चेरापुंजी आहे आणि जैसलमेरही आहे. शिवाय ही सरासरीच अधूनमधून सरकते. आधीच्या पन्नास वर्षांची, 1961 ते 2010 ची, 88 होती. म्हणजे 'सर्वसाधारण' हा शब्द जागचा हलतो, आणि हलल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. जालन्यातल्या कापूसवाल्याला हे सगळं ऐकून काय मिळतं? त्याला विचारायचं असतं की पेरणीनंतर खंड पडेल का, आणि पडला तर किती दिवसांचा.

जागतिक तापमानाचं गणित तर याहून गुंतागुंतीचं. पॉल एडवर्ड्स या अभ्यासकाने 2010 साली 'अ व्हास्ट मशीन' या पुस्तकात दाखवून दिलं की मॉडेलशिवाय हवामानाचा डेटा हाती येतच नाही. समुद्रावर तापमापक विरळ, जुन्या जहाजांची पाणी मोजण्याची पद्धत वेगळी, शहर वाढत वाढत वेधशाळेला खेटलेलं. हे सगळं दुरुस्त करून, मधल्या रिकाम्या जागा भरून, मग जग चौकोनांत वाटलं जातं. याचा अर्थ आकडे बनावट आहेत असा काढणारे पुष्कळ आहेत, आणि समाजमाध्यमांवर त्यांचं चांगलं चालतं. पण सुताराने तुकडे जोडून केलेलं दार बनावट नसतं. तो सांधा कसा बसवला हे विचारलं तर दाखवता आलं पाहिजे, एवढंच. एका बाबतीत असा सांधा जवळपास नाहीच. हवाईच्या मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंग यांनी 1958 पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला, तेव्हा तो दहा लाख भागांत 315 च्या आसपास होता. आता 420 च्या पुढे गेला आहे. एक जागा, एक वायू, सलग नोंद. हवामानबदलाच्या साऱ्या वादात या एका रेषेवर भांडायला फारसं कुणी पुढे येत नाही ते त्यामुळेच. 2018 साली रेडिंग विद्यापीठाच्या एड हॉकिन्स यांनी तापमानाच्या आकड्यांचे निळे-तांबडे पट्टे केले. ना आकडा, ना अक्ष, ना अक्षर. जगभर ते टाय, मफलर आणि बसगाड्यांवर छापले गेले. पट्टे देखणे आहेत यात शंका नाही. पण आपल्याकडे हवामान म्हणजे आधी पाऊस, आणि पावसाचे पट्टे असे सरळ निळ्याकडून तांबड्याकडे जात नाहीत. म्हणूनच की काय, ते आपल्याकडे फारसे रुजले नाहीत.

आता मंडळाकडे येतो, कारण डिजिटल डेटाने महाराष्ट्रातल्या सामान्य माणसाची निसर्गाची भाषा खरोखर कुठे बदलली असेल, तर ती इथे. राज्यात दोन हजारांहून जास्त महसूल मंडळं आहेत आणि एका मंडळात सरासरी वीसेक गावं येतात. 2017 पासून 'महावेध' प्रकल्पात स्कायमेट या खाजगी कंपनीच्या भागीदारीने मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. त्याआधी पाऊस हाताने मोजला जायचा आणि बऱ्याचदा एकच आकडा साऱ्या तालुक्याला लागू व्हायचा. ही मोठी सुधारणा होती. पण तिच्याबरोबर एक रेघ आली. चोवीस तासांत मंडळाच्या केंद्रावर 65 मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला तर ती अतिवृष्टी, आणि मग त्या मंडळातल्या नुकसानीचे पंचनामे. 63 नोंदला तर तो नुसता जोराचा पाऊस. ढगफुटीसारखा पाऊस चार किलोमीटरच्या पट्ट्यात पडून निघून जातो. केंद्र त्या पट्ट्यात असेल तर कोरड्या राहिलेल्या गावांचीही नावं यादीत येतात. केंद्र पट्ट्याबाहेर असेल तर ज्याची माती वाहून गेली त्याच्या बाबतीत कागदोपत्री पाऊस झालेलाच नसतो. पंधरा वर्षांपूर्वी शेतकरी म्हणायचा, 'रात्री लई झोडपलं.' आता पहिला प्रश्न असतो, 'मंडळाला किती दाखवला?'

फळबागेच्या विम्यात हे आणखी टोकाला जातं. आंबा, काजू, द्राक्ष, डाळिंब यांच्या हवामानावर आधारित विम्यात बागेत येऊन कुणी नुकसान पाहत नाही. ठरलेल्या काळात केंद्राचं तापमान ठरलेल्या अंशाखाली किंवा वर किती दिवस राहिलं, अवेळी पाऊस किती मिलिमीटर झाला, एवढ्यावर भरपाई बसते. या ठरलेल्या मर्यादेला गावातही 'ट्रिगर' म्हणतात. मराठी शब्द कुणी केला नाही, केला असता तरी चालला नसता. कोकणात बाग असते खाडीच्या उतारावर आणि केंद्र असतं वर सड्यावर. दोघांच्या पहाटेच्या थंडीत फरक पडतो हे बागायतदाराला कुणी सांगावं लागत नाही. तरी तो पहाटे उठून आधी केंद्राचं तापमान बघतो आणि त्या पडद्याचा फोटो काढून ठेवतो. मोहोर स्वतःच्या कलमावर, लक्ष दुसऱ्याच्या सड्यावर.

आणि दुष्काळ. पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रात दुष्काळ आणेवारीने, पुढे पैसेवारीने मोजला गेला. पीक कापणी प्रयोग, पन्नास पैशांची रेघ, तलाठी, तहसीलदार, चावडीवरची भांडणं. केंद्र सरकारची 2016 ची दुष्काळ संहिता आली आणि पैसेवारीच्या जागी पावसाची तूट, जमिनीतली ओल, भूजल आणि उपग्रहाने टिपलेला पिकांच्या हिरवेपणाचा निर्देशांक असे निकष बसले. त्यानुसार 2018 साली राज्याने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. 2023 साली निकषांत बसले 40 तालुके. मग ओरड झाली, आणि आणखी 1021 मंडळांत 'दुष्काळसदृश परिस्थिती' जाहीर करावी लागली. 'सदृश' हा शब्द नीट पाहण्यासारखा आहे. उपग्रहाच्या हिशेबात जो दुष्काळ बसला नाही आणि माणसांना जो दिसत होता, त्यांच्यामधल्या फटीत हा शब्द घातला आहे. जुनी पैसेवारी सरळ होती असं मी म्हणणार नाही. तिच्यात राजकारण होतं, वशिला होता. पण ती कुठे चुकली हे गावाला कळायचं आणि भांडता यायचं. हिरवेपणाचा निर्देशांक चावडीवर खोडून काढता येत नाही. सोयाबीन जळून त्या जागी गाजरगवत माजलं तर वरून तेही हिरवंच दिसतं, हे कुणाला जाऊन सांगायचं?

आता केंद्राची नवी योजना ग्रामपंचायतीगणिक पर्जन्यमापक बसवण्याची आहे. चौकोन लहान होतील, भांडणंही लहान होतील, अशी आशा आहे. नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार अर्थात कुणाची वाट पाहत थांबलं नाही. ते गाव आपला पाऊस आपण मोजून, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून, पाऊस कमी झाला त्या वर्षी कुठली पिकं घ्यायची नाहीत ते ठरवत आलं आहे. तिथे आकडा वरून आलेला नसतो.

अंदाजांची गोष्ट वेगळी आहे, आणि थोडी गमतीची. पंचांगात प्रत्येक पावसाळी नक्षत्राला वाहन असतं. बेडूक, म्हैस, हत्ती आले की पाऊस चांगला, कोल्हा, गाढव आले की बेताचा. अक्षय्य तृतीयेला बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळची घटमांडणी होते आणि तिचं भाकीत आता काही मिनिटांत राज्यभर पोहोचतं. म्हणजे डिजिटल झाल्याने जुनं मागे पडलं नाही, त्याला उलट चाकं लागली. हवामान खातं सांगतं, 'मराठवाड्यात तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता.' या 'तुरळक' शब्दाच्या पोटात नेमका हिशेब आहे: त्या विभागातल्या केंद्रांपैकी एक चतुर्थांशापर्यंत केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे पाऊणपर्यंत. हे ऐकणाऱ्याला कुणी सांगितलेलंच नाही. त्याला 'तुरळक' म्हणजे थोडासा वाटतो, आणि त्याच्या रानात ऐंशी मिलिमीटर पडला की खातं खोटं ठरतं. परभणीकडचे पंजाबराव डख मोबाइलवरून तारखांसकट अंदाज सांगतात आणि 'भाग बदलत पाऊस पडेल' असं म्हणतात. हवामानशास्त्रज्ञांनी त्यांच्या पद्धतीच्या शास्त्रीयतेवर प्रश्न उभे केले आहेत आणि मला ते प्रश्न रास्त वाटतात. पण 'भाग बदलत' हे दोन शब्द खात्याच्या 'तुरळक'पेक्षा शेतकऱ्याला जास्त नेमके वाटतात. पाऊस माझ्या शिवारात न पडता शेजारच्या शिवारात पडू शकतो, हे त्यांत सरळ सांगितलेलं असतं. खात्याचं विज्ञान पक्कं आहे, मराठी कच्चं आहे.

रंगांचंही तेच. पिवळा, नारिंगी, लाल हे इशारे पावसाच्या मिलिमीटरचे नसून तयारीचे आहेत: लक्ष ठेवा, सज्ज राहा, कृती करा. जनमानसात मात्र लाल म्हणजे शाळेला सुट्टी. लाल इशाऱ्याच्या दिवशी ऊन पडलं की दिवसभर विनोदांना पूर येतो. शक्यता सांगणारा आणि शक्यता ऐकणारा यांच्यातला करार अजून झालेला नाही.

हवेच्या गुणवत्तेत करार झाला, पण तो नको इतका सोपा झाला. 2015 च्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक आला. एक आकडा, एक रंग, सहा पायऱ्या. त्याच सुमारास पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची 'सफर' यंत्रणा दिल्ली आणि पुण्यानंतर मुंबईत पोहोचली होती. त्यामुळे मुंबईकर हिवाळी धुक्याला 'काय छान थंडी' म्हणायचा तो 'आज किती आहे' म्हणू लागला. घशातली खवखव मोजता येते हे कळणं ही मोठी गोष्ट. पण तो आकडा घडतो कसा? वेगवेगळ्या प्रदूषकांचे उपनिर्देशांक काढतात आणि त्यांतला जो सर्वांत वाईट, तोच त्या हवेचा निर्देशांक. म्हणजे सहा विषयांचा निकाल सर्वांत कमी गुणांच्या विषयावरून. शिवाय पट्टी 500 ला संपते. परदेशी अ‍ॅपवर त्याच हवेचे आकडे हजाराच्या वर गेलेले दिसतात आणि लोक म्हणतात, सरकार लपवतं. खरी मेख पट्ट्यांत आहे. हवेच्या एका घनमीटरमध्ये अतिसूक्ष्म धूलिकण 60 मायक्रोग्रॅम असतील तर भारतीय पट्टीवर आकडा येतो 100, आणि ती हवा 'समाधानकारक' ठरते. तीच हवा अमेरिकी पट्टीवर दीडशे ओलांडते आणि 'अपायकारक' होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या शिफारशीत चोवीस तासांची मर्यादा 15 आहे. फुप्फुस एकच आहे, अ‍ॅप दोन. कुठलं उघडायचं ते आपण मनासारखं ठरवतो, हेही कबूल केलं पाहिजे. आणि मापन केंद्रं शहरांत. चुलीच्या धुरात स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या घरातल्या हवेला रंग नाही, कारण तिथे यंत्र नाही. प्रदूषण म्हणजे शहराचा, गाड्यांचा, बांधकामांचा प्रश्न, ही आपली समजूत निम्मी तरी केंद्रांच्या पत्त्यांवरून तयार झाली आहे.

उपग्रहाकडे वळलं की वादाला धार येते, कारण तिथे प्रश्न जमिनीचा असतो. भारतीय वन सर्वेक्षण दर दोन वर्षांनी देशातलं वनाच्छादन मोजतं. 2023 च्या अहवालात ते 21.76 टक्के आहे. वन कशाला म्हणायचं? एक हेक्टर किंवा जास्त जमीन, आणि वर दहा टक्के पर्णछत्र. झाड कुठलं, मालक कोण, हे विचारायचं नाही. या व्याख्येत सिंधुदुर्गातली हापूसची कलमं, काजूच्या बागा आणि डोंगर तासून लावलेलं रबर, सगळं वनात जमा होऊ शकतं. 'जंगल वाढलं' या मथळ्यात देवराई तुटून तिथे काजू लागल्याची नोंद मिसळलेली असेल तरी ती दिसत नाही. दुसरीकडे 'ग्लोबल फॉरेस्ट वॉच' हा आंतरराष्ट्रीय नकाशा तीस टक्के पर्णछत्र धरतो. त्याच्या हिशेबाने या शतकात भारताने 23 लाख हेक्टरांहून जास्त वृक्षाच्छादन गमावलं. त्या बातमीची राष्ट्रीय हरित लवादाने 2024 साली स्वतःहून दखल घेतली. त्या नकाशाची अडचण उलटी आहे. तिथे लाकडासाठी लावलेलं आणि वेळ आल्यावर तोडलेलं सुरूही 'गमावलेलं' ठरू शकतं. एक आकडा सरकारी बातमीत जातो, दुसरा निषेधाच्या पोस्टरवर, आणि दोघांच्या खाली जमीन एकच.

ज्याला या व्याख्येत जागाच नाही, असं माळरान. पुणे, सोलापूर, नगरच्या कोरड्या पट्ट्यातला गवताळ प्रदेश उपग्रहाच्या चित्रात तपकिरी दिसतो आणि पडीक जमिनींच्या नकाशात जाऊन बसतो. तिथे लांडगा आहे, खोकड आहे, धनगरांची चराई आहे. नान्नजचा माळढोक तिथलाच. पण 'पडीक' म्हटलं की वृक्षारोपण तरी करायचं किंवा सौर प्रकल्प तरी उभारायचा. हा माळ म्हणजे तुटलेल्या जंगलाचा उरलेला सांगाडा, ही समजूत शाळेपासून आपल्या डोक्यात आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी ती तपासायला अनपेक्षित साधन घेतलं, जुनं मराठी साहित्य. महानुभाव वाङ्मयापासून लोकगीतांपर्यंत कुठल्या जागी कुठलं झाड वर्णिलं आहे ते त्यांनी शोधलं. तरटी, बाभूळ अशा उघड्या, काटेरी माळावरच्या झाडांचे उल्लेख तिथे सापडतात. हा माळ निदान साडेसातशे वर्षं माळच आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पन्नास वर्षांच्या उपग्रहचित्रांना जे सांगता येणार नव्हतं, ते चक्रधरांच्या आठवणी लिहून ठेवणाऱ्यांनी सहज सांगून ठेवलं होतं.

पश्चिम घाटाच्या प्रकरणात तर चौकोनाच्या आकारावरच दशकभराचं राजकारण उभं राहिलं. माधव गाडगीळ समितीने 2011 साली अहवाल दिला. तिने घाट सुमारे नऊ किलोमीटर गुणिले नऊ किलोमीटरच्या चौकोनांत वाटला, प्रत्येक चौकोनाला वनस्पती, प्राणी, उतार, उंची यांवरून गुण दिले, संवेदनशीलतेचे तीन स्तर सुचवले, आणि अखेरच्या सीमा ग्रामसभांशी बोलून ठरवा असं सांगितलं. अहवाल मंत्रालयात अडकून पडला आणि माहिती अधिकाराच्या लढ्यानंतर 2012 साली लोकांसमोर आला. तोवर गावोगाव अफवांनी घर केलं होतं. मग अंतराळ संशोधन संस्थेचे माजी अध्यक्ष कस्तुरीरंगन यांच्या गटाने 2013 साली बारीक उपग्रहचित्रं घेऊन 'नैसर्गिक' आणि 'सांस्कृतिक' भूप्रदेश वेगळे केले. शेती, वस्ती, बागा दुसऱ्या कप्प्यात. घाटाचा 37 टक्के भाग, जवळपास 60 हजार चौरस किलोमीटर, संवेदनशील ठरला आणि एकक झालं गाव. चित्र पहिल्यापेक्षा कितीतरी सुबक होतं. त्यामुळेच ते जास्त शास्त्रीय वाटलं. माझ्या मते फसगत तिथेच झाली. चौकोन बारीक झाला, पण प्रश्नही बदलला होता. गाडगीळ विचारत होते की इथे काय जगतं आणि ठरवायचं कुणी. नव्या नकाशाने विचारलं की इथे वरून काय दिसतं. देवराई, ओढ्याकाठची राई आणि शेत ज्या गावात एकमेकांत मिसळलेले आहेत, ते गाव दोन कप्प्यांत नीट मावत नाही. अंतिम अधिसूचना मात्र दोन्ही नकाशांना लाभली नाही. वायनाडमध्ये दरडी कोसळल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी, 31 जुलै 2024 ला, मसुदा सहाव्यांदा निघाला.

मुंबई बुडाल्याच्या निळ्या नकाशाबद्दल थोडक्यात. 'क्लायमेट सेंट्रल' या संस्थेच्या अभ्यासावरून 2019 च्या ऑक्टोबरमध्ये तो जगभर छापून आला आणि अजून दर पावसाळ्यात कुणीतरी पाठवतं. त्यामागचं संशोधन भक्कम होतं. जुन्या उंचीच्या नकाशांत इमारतींची छपरं आणि झाडांचे शेंडेच जमीन समजले गेले होते. ते दुरुस्त केल्यावर किनाऱ्यावरची जमीन आधी वाटली त्यापेक्षा सखल निघाली. पण निळा रंग म्हणजे 2050 साली वर्षातून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीखालची जमीन, आणि किनाऱ्याच्या भिंती त्यात धरलेल्या नाहीत. पाहणाऱ्याने वाचलं ते 'कायमचं पाण्याखाली'. तीस वर्षांनी सगळंच बुडणार असेल तर आज नाला कशाला साफ करा, असाही अर्थ त्यातून निघू शकतो, आणि तो काढलेला मी ऐकला आहे.

उलट दिशेने, खालून वर जाणारा डेटाही आहे. 2007 साली सुरू झालेल्या 'मायग्रंटवॉच' उपक्रमाने हौशी पक्षिनिरीक्षकांना विचारलं की चातक तुमच्याकडे कुठल्या तारखेला दिसला. कवितेतला चातक नोंदवहीत आला आणि आफ्रिकेकडून येणारा हा पक्षी मोसमी वाऱ्यांच्या मागेपुढे कसा सरकतो, याचा नकाशा तयार होऊ लागला. 2023 चा भारतीय पक्ष्यांचा स्थिती-अहवाल तीस हजारांहून जास्त माणसांच्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे. नोंदी शहरांजवळ आणि रस्त्यांलगत जास्त, हा त्यांचा दोष. पण प्रत्येक नोंदीमागे दुर्बीण धरून उभा राहिलेला कुणीतरी असतो, आणि त्याला आपला आकडा मोठ्या चित्रात कुठे गेला ते ठाऊक असतं.

या राज्यात आकड्यांशी सर्वांत सलोख्याने राहणारी माणसं मात्र मला नदीकाठी दिसली. सोलापुरात उन्हाळ्यात 'उजनी किती उणे?' असं विचारतात. धरणातलं पाणी शून्याखाली जातं, हे ऐकून बाहेरचा माणूस चक्रावतो. सोलापूरकराला माहीत असतं की उजनीचा मृतसाठाच साडेत्रेसष्ट टीएमसी आहे, उपयुक्त साठ्याहून जास्त. म्हणून उणे साठ टक्क्यांनाही तळाशी पाणी असतं आणि शंभर टक्के भरली तरी ती पुढे 111 पर्यंत जाते. हे कुठल्याही शाळेत शिकवलेलं नाही. सांगलीत रिक्षावाला कोयनेचे 105 टीएमसी सांगतो, आयर्विन पुलाची 40 फुटांची इशारा आणि 45 फुटांची धोका पातळी सांगतो, आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणात पाणी 517 मीटर ठेवायला हवं होतं की 519, यावर भांडतो. 2019 च्या पुराला अलमट्टी जबाबदार नाही असं त्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीने म्हटलं, ते त्याला पटलेलं नसतं. पण तो आकड्यांनीच वाद घालतो. कदाचित चुकत असेल, तरी त्याला स्वतःचा प्रश्न मांडता येतो, आणि मंडळातल्या शेतकऱ्याला नेमकं तेच करता येत नाही.

कोल्हापूरला पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर मोजतात: 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये ती 55 च्या वर गेली. पाऊस लागला की पातळी फोनवर येत राहते, फूट आणि इंचांत. तरी छत्री घेऊन माणसं घाटाकडे पाणी बघायला जातात, कारण फुटांना तिथे पत्ते आहेत. अमुक झाले की घाटावरची देवळं, अमुक झाले की गायकवाड वाडा. प्रयाग चिखली आणि आंबेवाडीत पाणी सगळ्यांच्या आधी येतं. तिथे 39 चा निरोप आला की हवामानबदलावर कुणी बोलत बसत नाही. गोठ्यातल्या म्हशी सोडायला घेतात.